वाचकांचे प्रश्न : दोघादोघांनी फिरणारे तरुण आणि त्यांचा आठवडा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत. पांढरा सदरा, टाय आणि खिशावर काळी नामपट्टी अशा वेशात दोघादोघांनी हिंडणारे तरुण धर्मप्रचारक जगभर दिसतात. त्यांच्याविषयीचे कुतूहल या पत्रांत आहे. जपानमधील कोबे शहरात मी सहा वर्षे राहिले, आणि त्या काळात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असे दोघे राहत असत. त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे, आणि या वेळी सदराची सगळी जागा मी त्यालाच देत आहे.

*लीहाय, युटा (अमेरिका) येथून एक वाचक लिहितात :* "नोकरीनिमित्त आम्ही तीन वर्षांपूर्वी येथे आलो. शेजारच्या मॉर्मन कुटुंबातील अठरा वर्षांच्या मुलाला चर्चकडून जपानला दोन वर्षे जाण्याचे बोलावणे आले आहे आणि त्यांच्या घरी लग्नघरासारखी लगबग चालू आहे. शिक्षण मध्येच थांबवून, स्वतःच्या पैशाने, इतक्या दूर मुलाला पाठवण्याचा हा निर्णय कोण घेते? निरोपाच्या प्रार्थनासभेचे आम्हांलाही आमंत्रण आहे. जावे की नाही, असा प्रश्न पडला आहे."

आधी नावाचा खुलासा करते. आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो, त्यांच्या संस्थेचे नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात तिची स्थापना केली आणि आज तिचे मुख्य कार्यालय आपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, सॉल्ट लेक सिटीत आहे. 'मॉर्मन' हे नाव त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथावरून लोकांनी पाडले. २०१८ साली त्यांचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी या टोपणनावाऐवजी पूर्ण नाव वापरावे, असा आग्रह धरला. शेजाऱ्यांशी बोलताना आपण पूर्ण नाव घेतलेत, तर त्यांना ते निश्चितच आवडेल.

'मिशनरी' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन उभे राहते, किंवा १८२९ साली येऊन शाळा-कॉलेजे काढणारे डॉ. जॉन विल्सन. ती माणसे धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन आलेली होती आणि त्यांनी सारे आयुष्य येथे घालवले. आपल्या शेजारचा मुलगा तसा नाही. तो पाद्री नाही आणि परतल्यावर होणारही नाही. तो पुन्हा कॉलेजात जाईल, नोकरी करील, संसार मांडील. ही दोन वर्षे म्हणजे आयुष्यातून काढून दिलेला एक तुकडा आहे. मुलांकडून ती कर्तव्य म्हणून अपेक्षित असतात. मुलींवर तशी सक्ती मानली जात नाही आणि त्यांचा काळ अठरा महिन्यांचा असतो. २०१२ साली किमान वय मुलांसाठी एकोणिसावरून अठरा आणि मुलींसाठी एकविसावरून एकोणीस करण्यात आले, आणि त्यानंतर विशेषतः मुलींची संख्या पुष्कळ वाढली.

जायचे की नाही, हे मुलाने ठरवायचे असते. कोठे जायचे, हे मात्र त्याच्या हातात नसते. तो अर्ज करतो, वैद्यकीय तपासणी होते, स्थानिक धर्माधिकारी मुलाखती घेतात आणि नेमणूक सॉल्ट लेकहून होते. जगभर त्यांची सुमारे ४५० प्रचारक्षेत्रे आहेत; शेजारच्याच राज्यात नाव निघेल, नाहीतर मंगोलियात. म्हणूनच नेमणुकीचे पत्र उघडण्याच्या वेळी आजी-आजोबांपासून मित्रांपर्यंत सारे जमतात. खर्चाचे म्हणाल, तर अमेरिकेतील कुटुंबांनी २०२० पासून दरमहा ५०० डॉलर भरायचे असतात आणि मुलगा जपानला गेला काय किंवा पेरूला गेला काय, रक्कम तीच राहते. पूर्वी ज्याला महागड्या देशात नेमणूक मिळे त्याच्या घरावर अधिक भार पडत असे. १९९०च्या दशकाच्या आरंभी ती विषमता काढून टाकण्यात आली. अनेक मुले शाळेत असल्यापासूनच या दोन वर्षांसाठी पैसे साठवतात आणि ज्यांना शक्य नसते त्यांना मंडळीतील इतर लोक मदत करतात.

जाण्यापूर्वी प्रशिक्षण असते. प्रोव्हो येथील त्यांचे मोठे केंद्र आपणांस ठाऊक असेलच. मातृभाषेत काम करणाऱ्याला तेथे थोडेच आठवडे पुरतात. जपानीसारख्या भाषेसाठी सुमारे दोन महिने द्यावे लागतात. जपानी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, म्हणून खात्रीने सांगते, की दोन महिन्यांत प्रार्थना करता येते, स्वतःचा परिचय देता येतो, परंतु समोरच्या आजीबाई काय म्हणत आहेत, हे कळत नाही. ते शिक्षण पुढे दारोदारच होते.

निरोपाच्या सभेला जरूर जावे. तो मुलगा व्यासपीठावरून काही मिनिटे बोलेल, त्याची आई डोळे पुसत असेल, आणि शेजारी म्हणून आपण तेथे असणे त्या माऊलीला मोलाचे वाटेल. उपस्थित राहिल्याने कोणतेही बंधन येत नाही. फक्त नंतर त्यांना घरी बोलावलेत, तर चहा-कॉफी पुढे करू नका. दोन्ही त्यांना वर्ज्य आहेत. कोकम सरबत किंवा ताक आनंदाने घेतील.

*निशिकासाई, तोक्यो येथून एक वाचक लिहितात :* "आमच्या स्टेशनाबाहेर दोन परदेशी तरुण अनेकदा भेटतात. अस्खलित नसले तरी धीटपणे जपानी बोलतात. त्यांनी मला विनामूल्य इंग्रजी वर्गाचे पत्रक दिले; माझ्या जपानी सहकाऱ्याच्या पत्नीला तो वर्ग हवा आहे. ही मुले आठवडाभर नेमके काय करतात? आणि त्या वर्गामागे धर्मांतराचा हेतू असतो का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देते, कारण ते सरळ आहे. होय, हेतू असतो आणि तो लपवलेला नसतो. 'एइकाइवा' म्हणजे इंग्रजी संभाषणाचा हा वर्ग जपानमधील त्यांच्या कामाचा जुना भाग आहे. तो बहुधा त्यांच्याच प्रार्थनागृहात भरतो, खरोखरच विनामूल्य असतो, आणि शेवटी काही मिनिटे धर्मविचार सांगितला जातो. ज्याला तो ऐकायचा नाही त्याने उठून जावे. आपल्या परिचित बाईंना इंग्रजी बोलण्याचा सराव हवा असेल, तर त्यांनी निःशंक जावे. मात्र पत्रक कोणाचे आहे, हे आपण त्यांना आधीच सांगावे, म्हणजे गैरसमजाला जागा उरणार नाही.

आता आठवडा. तो सोमवारपासून सांगायला हवा, कारण त्यांच्या सात दिवसांत सोमवार हा एकच दिवस थोडासा त्यांचा स्वतःचा असतो. त्याला ते 'प्रिपरेशन डे' अर्थात तयारीचा दिवस म्हणतात, आणि बोलताना नुसते 'पी-डे'. काही क्षेत्रांत वार वेगळा असतो, पण बहुतेक ठिकाणी सोमवारच. त्या दिवशी कपडे धुऊन गॅलरीतल्या दांडीवर वाळत घालायचे, आठवड्याचा शिधा आणायचा, सायकलीची हवा-चेन पाहायची, घर झाडायचे, आणि क्षेत्राच्या अध्यक्षांना पत्र लिहायचे. आमच्या इमारतीतले दोघे गॅलरीत एकमेकांचे केस कापत बसलेले मी अनेकदा पाहिले आहे. ज्याची पाळी आधी होई, त्याच्या मानेमागच्या रेषेवरून दुसऱ्याचे काय होणार, याचा अंदाज येत असे. सायंकाळी सहा वाजले, की पुन्हा टाय बांधून बाहेर.

याच दिवशी घराशी बोलणे होते. २०१९ सालच्या फेब्रुवारीपर्यंत नियम असा होता, की ई-मेल दर आठवड्याला, परंतु आवाज ऐकायचा तो वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. मी कोबेत होते तेव्हा हाच नियम होता. त्या दोन दिवसांच्या आधी जिन्यात भेटणाऱ्या त्या मुलांचे चेहरे मला आजही आठवतात. आता दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. जपानमध्ये सोमवारी सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा युटात उन्हाळ्यातल्या रविवारच्या संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. प्रार्थनेहून परतलेले सारे कुटुंब एकत्र सापडते. हा बदल फार आधी व्हायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतर दिवशी सकाळी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम करायचा, न्याहारी आणि आंघोळ आटोपून आठच्या सुमारास अभ्यासाला बसायचे. एक तास एकट्याने धर्मग्रंथ वाचायचा, मग दोघांनी मिळून दिवसाचे धडे बसवायचे, भाषेसाठी वेगळा वेळ द्यायचा. दहाच्या सुमारास आमच्या जिन्यावर बुटांचा आवाज येई आणि पाठोपाठ दोन सायकली फाटकाबाहेर पडत. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून हे वेळापत्रक स्थानिक परिस्थितीनुसार थोडेफार मागेपुढे करण्याची मुभा देण्यात आली आहे, पण चौकट तीच राहिली.

मधले अकरा-बारा तास भरणे हे खरे काम. कोणी भेटायचे कबूल केले असेल तर त्याच्याकडे जायचे, मंडळीतील आजारी किंवा एकट्या पडलेल्या वृद्धांची चौकशी करायची, कोणाच्या अंगणातले गवत काढायचे किंवा बर्फ उपसायचा, फोनवरून संदेश पाठवायचे. आणि यांतले काहीच नसेल, तेव्हा स्टेशनाबाहेर उभे राहायचे किंवा इमारतीमागून इमारत घेत घंटा वाजवत जायचे. जपानी घरांची दारे उघडत नाहीत, इंटरकॉममधून एक आवाज येतो, "केक्को देसु." हे शब्द मोठे फसवे आहेत. त्यांचा शब्दशः अर्थ 'छान आहे' असा होतो आणि व्यवहारातला अर्थ 'नको' असा. वरच्या मजल्यावरचा नवा मुलगा पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे येऊन विचारत होता, की हा होकार की नकार. आपल्याकडच्या 'बघू या' सारखे ते आहे, असे त्याला सांगून काही उपयोग नव्हता, म्हणून कोणत्या सुरात म्हटले की काय समजायचे, ते मी त्याला म्हणून दाखवले. तो दाराशीच उभा राहिला. आत का येत नाहीस, असे विचारल्यावर त्याचा जोडीदार म्हणाला, की घरात दुसरा प्रौढ पुरुष नसताना एकट्या स्त्रीकडे त्यांनी आत यायचे नसते. मला तो नियम आवडला.

मंगळवारी किंवा बुधवारी आसपासच्या चार-सहा जोड्यांची बैठक होते. तेथे कामाचा आढावा घेतला जातो, कोणाला किती जण भेटले, किती जण रविवारी प्रार्थनेला आले, यांचे आकडे सांगितले जातात, आणि धडा कसा सांगावा, याचा एकमेकांसमोर सराव होतो. आठवड्याच्या उत्तरार्धात दोघांनी बसून पुढच्या आठवड्याची आखणी करायची असते आणि त्या बैठकीच्या शेवटी एक विशेष प्रथा पाळायची असते : जोडीदाराचे काय चांगले वाटले आणि काय खुपले, हे एकमेकांना तोंडावर, पण मायेने सांगायचे. चोवीस तास एकमेकांच्या नजरेआड न होता राहणाऱ्या दोन मुलांना या प्रथेवाचून निभावणे कठीण जाईल. जोडीदार आपण निवडलेला नसतो. त्याला जपानीत ते 'दोर्यो' म्हणतात, म्हणजे सहकारी. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. कधी जोडीदार जातो, कधी आपणच दोन बॅगा आणि सायकल घेऊन दुसऱ्या गावी निघायचे असते. आमच्या वरच्या घरात सहा वर्षांत किती जण येऊन गेले, याची मोजदाद मी सोडून दिली होती. महानुभाव पंथातल्या अटनाची मला तेव्हा आठवण होई : एका जागी मन गुंतू द्यायचे नाही, हा दोन्हीकडचा विचार, मार्ग मात्र अगदी निराळे.

हाक मारतानाही घरचे नाव मागेच ठेवायचे असते. आडनावापुढे मुलांना 'एल्डर' आणि मुलींना 'सिस्टर' लावतात. जपानीत एल्डरचे 'चोरो' होते, ज्याचा मूळ अर्थ गावातला वृद्ध, वडीलधारा. एकोणीस वर्षांच्या पोराला ही पदवी ऐकून जपानी म्हातारी माणसे हसतात आणि बोलणे तेथून सुरू होते. शनिवारी बाप्तिस्मा असेल तर त्याची तयारी, आणि रविवारी प्रार्थनासभा. २०१९ पासून रविवारचा कार्यक्रम तीन तासांऐवजी दोन तासांचा झाला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो.

जपानमध्ये या कामाला फळ फार थोडे येते आणि ते पूर्वीपासून तसेच आहे. त्यांच्या चर्चचे एक वरिष्ठ नेते हीबर ग्रँट तीन सहकाऱ्यांसह १९०१ सालच्या ऑगस्टमध्ये योकोहामाला उतरले. त्यांतला आल्मा टेलर अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्याने साडेआठ वर्षे तेथे काढली आणि 'बुक ऑफ मॉर्मन'चे जपानी भाषांतर केले, जे १९०९ साली छापले गेले. तरीही अनुयायी इतके थोडे मिळाले, की १९२४ साली ते काम बंद करण्यात आले आणि महायुद्धानंतर, १९४८ साली, पुन्हा सुरू झाले. १९८० साली तोक्योत उभे राहिलेले त्यांचे मंदिर आशियातले पहिले.

आपल्याला एक विनंती करते. त्या दोघांशी बोलायचे नसेल, तर 'पुढच्या वेळी पाहू' असे म्हणू नका. ते वहीत लिहून ठेवतील आणि पुढच्या आठवड्यात खरोखर येतील. 'आमचा धर्म आम्हांला पुरेसा आहे, त्यावर चर्चा नको,' असे हसून स्पष्ट सांगा, आणि ऑगस्टचा महिना असेल, तर थंड पाणी किंवा मुगिचा द्या. जवाचा तो काढा त्यांना चालतो. जपानी हिरवा चहा चालत नाही.

*नाशिक येथून मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी लिहिते :* "इतक्या कडक नियमांत राहणाऱ्या तरुणांना ताण येत नाही का? एखाद्याला ते सहन झाले नाही, तर तो परत जाऊ शकतो का?"

ताण येतो, आणि तो दिसतो. चित्रपट नाहीत, दूरदर्शन नाही, प्रेमप्रकरण नाही, पोहायला जाणे नाही, एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाणे नाही. नियमांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की परक्या देशात अठरा वर्षांचे मूल कधीच एकटे पडत नाही; आजारी पडले, अपघात झाला, वाट चुकली, तरी कोणीतरी शेजारी असतेच. पण रडावेसे वाटले तरी एकांत मिळत नाही, ही त्याचीच दुसरी बाजू आहे. आमच्याकडे आलेला एक मुलगा पावसाळ्याच्या दिवसांत, बूट भिजून गेलेले असताना, जिन्याच्या खालच्या पायरीवर पुष्कळ वेळ नुसता बसून होता आणि त्याचा जोडीदार चार पायऱ्या वर, तोंड दुसरीकडे करून उभा होता. मिळण्याजोगा एकांत तेवढाच होता, आणि तो त्या जोडीदाराने समजून दिला होता.

परत जाता येते. कोणी अडवत नाही. आजारपणामुळे किंवा मनाच्या अस्वस्थतेमुळे मुले मुदतीआधी परततात. अडचण पुढे सुरू होते. ज्या गावात प्रत्येक घरातला मुलगा दोन वर्षे पूर्ण करून आलेला आहे, तेथे आठव्या महिन्यात परतलेल्याकडे लोक कसे पाहतात, हा कळीचा प्रश्न आहे, आणि अशा मुलांना अपयशाची टोचणी दीर्घकाळ लागून राहते. त्यांच्या चर्चनेही हे ओळखले आहे. घरी राहून समाजसेवेच्या कामात हा काळ पूर्ण करण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे आणि क्षेत्रांत मानसिक आरोग्यासाठी सल्ल्याची सोयही केली जाते. तरीही माझे मत विचाराल, तर आई-वडिलांनी जाण्यापूर्वीच मुलाला सांगितले पाहिजे, की तू केव्हाही परत आलास तरी दार उघडे आहे. तुम्ही पुढे या विषयावर अभ्यास करणार असाल, तर मुदतीआधी परतलेल्यांशी बोला. पूर्ण करून आलेल्यांच्या आठवणी काळाने गोड झालेल्या असतात.

*पुणे येथून एक ज्येष्ठ वाचक लिहितात :* "हे लोक एकोणिसाव्या शतकात पुण्यातही येऊन गेले होते, असे ऐकले. त्यात तथ्य आहे का?"

तथ्य आहे. १८५०च्या दशकाच्या आरंभी त्यांचे प्रचारक कलकत्त्यात पोहोचले आणि १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश गृहस्थ मुंबईत उतरले. मुंबईत इतर ख्रिस्ती पाद्र्यांनी आणि वृत्तपत्रांनी त्यांना कडाडून विरोध केला, तेव्हा ते पुण्यास गेले. लष्करी छावणीत प्रचार करण्यास त्यांना मनाई झाली, तरी मोजक्या लोकांची एक लहानशी मंडळी त्यांनी पुण्यात जमवली. त्या काळच्या प्रचारकांना ना मुदत ठरलेली असे, ना मासिक रक्कम. खिशात पैसा न ठेवता निघायचे आणि लोक देतील त्यावर राहायचे, अशी त्यांची पद्धत होती, आणि त्यांतले कित्येक जण बायको-मुले मागे ठेवून आलेले असत. घरच्या पत्राला समुद्रमार्गे यायला महिनोन् महिने लागत. काही वर्षांतच ते सारे प्रचारक हिंदुस्थान सोडून गेले आणि पुण्यातली ती मंडळीही विरून गेली. आज भारतात त्यांची प्रचारक्षेत्रे आहेत. त्यांतले बंगळूरचे १९९३ साली आणि दिल्लीचे २००७ साली सुरू झाले.